भाऊ-बहीण आहेत, भांडणारच... असं म्हणून सोडून द्यायचं का?

मे महिन्यात घरातल्या भांडणांची पत्रं जास्त येतात. नवल नाही, पारा पंचेचाळीसच्या वर, सकाळी अकरानंतर पोरांना बाहेर काढायची सोय नाही, आणि आपल्या विदर्भातल्या शाळा उघडणार थेट जूनच्या शेवटी. यावेळी चार पत्रं घेतलीत. पहिल्यालाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण ते पत्र वाचून मला रात्री नीट झोप लागली नाही. कोणाचीच नावं छापत नाही.

ताई नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. मुलगा १३ वर्षांचा, आता नववीत जाईल, मुलगी ९ वर्षांची. मी एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, १० ते ६, मिस्टर पण ड्युटीवर. घरी सासूबाई असतात पण दुपारी जेवून झोपतात. भांडणं आधी पण व्हायची, पण या सुट्ट्यांमध्ये फारच होऊन राहिलं. कूलर एकच, हॉलमध्ये. तो कूलरसमोर गादी टाकून पडून राहते, तिला बसू देत नाही, रिमोट देत नाही, हात पिरगाळते, काळी म्हणते, ढब्बी म्हणते, तिच्या मैत्रिणींसमोर पण. आईला सांगितलं तर रात्री पाहून घेईन म्हणते. पहिले ती रडत माझ्याजवळ यायची, आता सांगतच नाही. तो घरी असला की हॉलमध्ये येतच नाही, एवढ्या उकाड्यात आतल्या खोलीत बसून राहते. १५ दिवसांपासून तिची अंथरुणात लघवी होऊन राहिली, पाच वर्षांची होती तेव्हाच ते बंद झालं होतं. मिस्टर म्हणतात, भाऊ-बहीण आहे, भांडतीलच, आम्ही नाही का भांडलो. मी थकून येते, कोणाचं खरं कोणाचं खोटं समजत नाही, मग दोघांनाही दोन-दोन ठेवून देते. काय करू?

ताई, तुमच्या पत्रात हात पिरगाळण्यापेक्षा एक वाक्य मला जास्त टोचलं. तो घरी असला की ती हॉलमध्ये येत नाही. पंचेचाळीस डिग्रीत नऊ वर्षांची पोरगी कूलर सोडून आत बसते, म्हणजे तिला उकाड्यापेक्षा भावाची भीती जास्त वाटते. हे भांडण नाही हो. भांडणात दोघंही देतात, दोघंही खातात, आज हा जिंकला उद्या ती, आणि तासाभराने दोघं एकाच ताटात पापड खात बसलेले दिसतात. इथे मारणारा एकच आहे, रडणारी एकच आहे, रोजचं आहे, आणि घाबरून एकीने सांगणंसुद्धा बंद केलंय. नॉर्वेचे डॅन ओल्वेयस म्हणून संशोधक होते, शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलं त्यांनी, त्यांनी दादागिरी ओळखायच्या तीन खुणा सांगितल्यात. मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असलेलं. तुमच्या घरात तिन्ही आहेत. तेरा आणि नऊ यात नुसता चार वर्षांचा फरक नाही, अंगाने तो जवळजवळ मोठा माणूस होत आलाय आणि ती अजून चिमुरडी आहे.

तुमच्या मिस्टरांना हे वाचून दाखवाल का? दादा, तुम्ही भांडला असाल, आम्ही सगळेच भांडलो. पण इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या भागातल्या मुलांचा एक मोठा अभ्यास आहे, २०१४ साली 'पेडियाट्रिक्स' नावाच्या जर्नलमध्ये आला. जवळजवळ सात हजार मुलांना बाराव्या वर्षी विचारलं, घरात भाऊ-बहीण त्रास देतात का आणि किती वेळा. ज्यांना आठवड्यातून अनेकदा त्रास व्हायचा त्यांच्यात अठराव्या वर्षी डिप्रेशनचं आणि स्वतःला इजा करून घ्यायचं प्रमाण, ज्यांना असा त्रासच नव्हता त्यांच्या मानाने सुमारे दुप्पट निघालं. शाळेत कोणी आपल्या पोरीचा हात रोज पिरगाळला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांसमोर उभे राहिले असते ना? मग घरात काहून चालतं?

आता ताई, कामाचं बोलू. सगळ्यात आधी पोरीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे न्या. बंद झालेली अंथरुणातली लघवी इतक्या वर्षांनी परत सुरू झाली तर मनावरच्या ताणाने होऊ शकते, पण लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, कधीकधी साखर, हीपण कारणं असतात, ती तपासूनच घ्यायची. तोवर कोणी रागवायचं नाही, चादर गुपचूप बदलायची, आणि भावाला याचा पत्ता लागू द्यायचा नाही, नाहीतर चिडवायला आणखी एक नाव मिळेल त्याला.

दुसरं दुपारचं. तुमच्या पत्रावरून दिसतंय की हे जास्त करून दुपारी होतं, सासूबाई झोपल्यावर. म्हणजे निदान या सुट्टीभर तरी दोघांना त्या वेळात एकटं ठेवायचं नाही. पण एक लक्षात ठेवा, अशा वेळी आपण सवयीने मुलीलाच उचलतो, तिला मावशीकडे पाठव, तिला आजीजवळ झोपव, आणि हॉल, कूलर, टीव्ही सगळं मारणाऱ्याला मिळतं. जागा त्याची कमी झाली पाहिजे, तिची नाही. तो मोठा आहे, दुपारी मित्राकडे, काकांकडे, एखाद्या अभ्यासिकेत बसू शकतो. ते जमत नसेल तर सासूबाईंनी त्यांची गादी हॉलमध्येच टाकावी, कूलरसमोर तिघांच्या जागा ठरलेल्या, रिमोट आजीच्या उशाखाली. आजी झोपल्या तरी चालेल, मोठं माणूस तिथं असलं की हात आवरला जातो.

संध्याकाळी घरात आल्यावर 'सुरुवात कोणी केली' हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कधीच सापडत नाही, आणि ज्याला जास्त चांगलं बोलता येतं तो जिंकतो, म्हणजे नेहमी मोठाच. त्यापेक्षा 'कोणाला लागलं' आणि 'कोणाला भीती वाटते' हे पाहा. पंधरा दिवस एक वही ठेवा, कोणाला दाखवायची नाही. तारीख, वेळ, जागा, काय झालं, कोण रडलं. दोन आठवड्यांनी पान उलटून पाहिलं की कोणाचं खरं कोणाचं खोटं हा तुमचा प्रश्नच राहणार नाही.

आणि ताई, हे लिहिताना मला जड जातंय पण लिहिते. तुम्ही दोघांना दोन-दोन ठेवून देता, त्यात पोरगी दुपारी भावाचा मार खाते आणि संध्याकाळी तुमचा. म्हणून तिने सांगणं बंद केलंय. सांगून मारच मिळतो हे तिला कळलं. मुलाला काय कळलं? की ज्याचा हात मोठा त्याने उचलायचा. तुम्ही थकून येता, मला दिसतं ते, दिवसभर काउंटरवर पेशंटच्या नातेवाइकांचं ऐकून घरी आल्यावर कोणाच्या डोक्यात तिडीक जाणार नाही? पण आपल्या घरात कोणीच कोणावर हात उचलायचा नाही हा नियम लावायचा असेल तर तो तुम्हालाही लागू होतो, मिस्टरांनाही. रात्री जेवताना स्वतःच सांगा, मी पण मारायची, आता नाही मारणार. पोरं हे विसरत नाहीत.

'काळी' हा शब्द तो कुठून शिकला हेही जरा पाहा. कोणी पाहुणी, आत्या, शेजारीण असं बोलली असेल, लग्नात कोणी म्हटलं असेल, आणि आपण हसून सोडून दिलं असेल. तो शब्द घरातून हद्दपार करा, सगळ्यांसाठी, आजीसाठी पण.

मुलाशी बोलायचं ते एकट्याशी, तिच्यासमोर नाही, आणि त्याला गुन्हेगारासारखं उभं करून तर अजिबातच नाही. सकाळी सहाला गाडीवर मागे बसवा, फुटाळा तलावावर न्या, अंबाझरीला न्या, त्या वेळी तिथं जरा हवा असते. आधी थोडं चाला, मग सरळ सांगा की मला सगळं माहीत आहे, तू तिचा हात पिरगाळतो, तिला नावं ठेवतो, हे आजपासून बंद, यात बोलाचाली नाही. आणि मग विचारा, तुला कोणी असं करतं का रे? शाळेत, ट्यूशनला, ग्राउंडवर? घरात दादागिरी करणारी बरीच पोरं बाहेर कोणाची तरी दादागिरी सोसत असतात. शिवाय तेरावं वर्ष, आवाज फुटतोय, अंगात रग आहे आणि दिवसभर चार भिंतींत पडून राहायचं. त्याला सकाळी सहा ते आठ खेळायला पाठवा, फुटबॉल, पोहणं, काहीही, घामाघूम होऊन यायला पाहिजे. हे त्याला बक्षीस नाही, औषध आहे.

चूक केली तर शिक्षा चुकीला जोडून. तिची वस्तू तोडली तर त्याच्या पैशातून भरून द्यायची, हॉलमध्ये मारलं तर त्या दिवशी हॉल बंद. 'सॉरी म्हण आणि मिठी मार' असं मात्र करू नका, ज्याला ती घाबरते त्याला मिठी मारायला लावणं म्हणजे तिच्यावर आणखी एक जबरदस्ती. आणि तिला रोज रात्री दहा मिनिटं वेगळी द्या, दार लावून, काही विचारू नका, केस विंचरा. बोलेल ती.

महिनाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांची मदत घ्यायची. आणि त्याने गळा दाबला, हत्यार उचललं, नको तिथे हात लावला, किंवा ती मरणाचं बोलायला लागली, तर महिनाभर थांबायचं नाही, माझ्या उत्तराची वाट तर पाहायचीच नाही. आपल्याकडे नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि मुलांसाठी १०९८ आहे, तो तर पोरीलाच पाठ करून द्या.

दुसरं पत्र. इतवारीत माझं दुकान आहे. दोन पोट्टे, ८ आणि ६ वर्षांचे. रात्री नऊला घरात पाय ठेवला की दोघंही तक्रारी घेऊन उभे, यानं माझं पेन घेतलं, त्यानं मला पाय मारला. गेल्या तान्ह्या पोळ्याला, पोरांच्या पोळ्याला, दोघांचे लाकडी बैल थोडे लहान-मोठे आले तर आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, बोजाऱ्याचे, म्हणजे बैल घरोघरी नेल्यावर मिळालेले पैसे मोजून पाहिले दोघांनी. मी न्याय करतो पण रोज एकजण नाराज. बायको म्हणते तुम्ही लहान्याचेच ऐकता.

भाऊ, तुमच्याकडे पहिल्या पत्रासारखं काही दिसत नाही मला. दोघं जवळपास सारखे, दोघं मारतात, दोघं मार खातात, दोघं सांगायला येतात. पहिलं पत्र वाचून घाबरू नका. फक्त तुम्ही न्यायाधीशाची खुर्ची सोडा. रोज नऊला कोर्ट भरतं म्हणून रोज केसेस येतात, आणि कोर्ट भरलं की पप्पा दहा मिनिटं पूर्ण लक्ष देऊन ऐकतात, बाकी वेळी पप्पा मोबाईलवर पेमेंट पाहत असतात. म्हणून घरात आल्यावर आधी दोघांना दहा-दहा मिनिटं वेगवेगळी द्या, तक्रारीशिवायची. बऱ्याचशा केसेस आपोआप कमी होतील.

राहिल्या त्यांच्यासाठी असं करा. दोघांना बसवा, नियम एकच, मधे बोलायचं नाही, शिव्या नाही, हात नाही. एक सांगेल, मग दुसऱ्याने आपलं सांगायच्या आधी पहिल्याचं त्याच्या शब्दात परत सांगायचं, 'तुला राग आला कारण मी न विचारता पेन घेतलं'. मग दुसऱ्याची पाळी. मग तुम्ही विचारायचं, आता काय करायचं, तुम्हीच सांगा. आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच कठीण आहे, तोंडापर्यंत येतं निकाल द्यायला. सहा-आठ वर्षांची पोरं इतके वेगळे तोडगे काढतात की आपल्याला सुचणार नाहीत, एका घरी तर ठरलं होतं की सम तारखेला पेन याचं आणि विषम तारखेला त्याचं. परक्या देशांत आई-बापांना अशी मध्यस्थी शिकवून पाहिली आहे, त्या घरांतली पोरं पुढं आपली भांडणं जास्त समजुतीने मिटवायला लागली.

बैलांचं म्हणाल तर यावर्षी दोघांना सोबत नेऊन आपापला निवडू द्या. अगदी मापून सारखं द्यायच्या नादी लागू नका, सारखं दिलं की पोरं आणखी बारीक मापायला शिकतात. ज्याला जे लागतं ते द्या आणि तसं सांगा. आणि 'तो बघ कसा शांत बसतो' हे वाक्य बंद. लहान्याचंच ऐकता का, ते बायको सांगते तर खरं असेल हो, आठ दिवस लक्ष ठेवून पाहा स्वतःवर.

तिसरं पत्र. नातवंडांच्या भांडणात आजी-आजोबांनी बोलावं की बोलू नये? सून म्हणते तुम्ही लाडावून ठेवता. (एक आजोबा, प्रतापनगर)

काका, मारामारी दिसली तर जरूर थांबवा, सुनेची वाट पाहू नका. निकाल मात्र आई-बापांवर सोडा. आणि एकाला गुपचूप संत्रा बर्फी, दुसऱ्याला उपदेश, हे करत असाल तर बंद करा, पोरांना कागदाचा आवाजसुद्धा बरोबर ऐकू येतो.

चौथं पत्र. मी १५ वर्षांची आहे, दहावीत. माझा भाऊ ७ वर्षांचा आहे. आई-बाबा दोघं जॉबला, शाळेतून आल्यावर मीच त्याला सांभाळते, खाऊ घालते, होमवर्क घेते. तो ऐकत नाही आणि तो पडला, रडला की मला बोलणी, 'तू मोठी आहेस ना'. मला इतका राग येतो की मी त्याला खूप चिमटे काढते, आणि दोन-तीन वेळा बाथरूममध्ये कोंडून लाइट बंद केला. तो ओरडत होता. नंतर मला खूप रडू येते. मी वाईट आहे का? घरी कोणाला माहीत नाही. त्यानं पण सांगितलं नाही.

बेटा, तू हे लिहिलंस, त्यासाठी केवढी हिंमत लागली असेल. तू वाईट नाहीस. पण तू जे केलंस ते वाईट आहे, आणि या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवतेय, तूही ठेव.

मीपण मोठी. महालात आमचं जुनं वाड्यातलं घर होतं, मागे ज्वारीची पोती ठेवायची अंधारी खोली. आई बाजारात गेली की धाकटी माझ्या अंगावर, आणि ती फार किरकिर करायला लागली की मी तिला त्या खोलीत टाकून कडी लावायची. माझ्या हिशोबाने एक-दोनदाच, दोन-दोन मिनिटं. मी विसरूनही गेले होते. तीसेक वर्षांनी गप्पांमध्ये सहज विषय निघाला तर तिला त्या पोत्यांचा वास आठवत होता, पायावरून काय पळालं ते आठवत होतं, आणि तिच्या आठवणीत ते एक-दोनदा नव्हतंच, खूपदा होतं. मी तिची माफी मागितली, ती म्हणाली, जाऊ दे गं, पण डोळे भरले होते तिचे. ज्याने कडी लावली तो विसरतो, आतला नाही विसरत. म्हणून तुझ्या हातात अजून वेळ आहे ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

कोंडणं आजपासून बंद. उद्यापासून नाही, आजपासून. सात वर्षांच्या मुलाला अंधारात दार उघडणार आहे हे माहीत नसतं, त्याला वाटतं आता असंच राहणार. तो घरी बोलला नाही याचा अर्थ त्याचं काही बिघडलं नाही असा नाही, तो तुझ्याच हातून जेवतो, तुलाच घाबरतो, कोणाला सांगेल?

राग येईल तेव्हा काय करायचं ते आधीच ठरवून ठेव, कारण त्या मिनिटाला काही सुचत नाही. त्याला टीव्ही लावून दे, खिडक्या-गॅस बघ, आणि तू गॅलरीत जा, पाणी पी, दोनशे आकडे मोज. होमवर्क राहिला तर राहू दे. एखाद्या दिवशी होमवर्क नाही झाला तर काही बुडत नाही. त्याला सांग, 'मी तुला कोंडलं ते चूक होतं, तुझी चूक नव्हती, परत नाही करणार'. एवढंच. 'तू पण त्रास देतो' हे त्याला जोडू नकोस. आणि लगेच त्याने हसावं, जवळ यावं अशी अपेक्षा ठेवू नकोस.

आणि आता तुझ्या बाजूने बोलते. पंधराव्या वर्षी रोज शाळेतून आल्यावर एक लहान मूल एकटीने सांभाळणं, वरून दहावी, हे जास्त आहे. तू आठ वर्षांची असताना तो आला, आणि त्या दिवसापासून तू मोठी झालीस, तुला कोणी विचारलं नाही. राग येणारच. तो राग त्याच्यावर निघतोय कारण आई-बाबांवर काढता येत नाही. म्हणून हे आईला सांगायलाच हवं, कोंडल्याचंपण. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहून तिच्या डब्याच्या पिशवीत ठेव, किंवा हे पान फाडून ठेव. त्यात लिही की मला रोज दोन तास माझे पाहिजे, तेव्हा त्याला शेजारच्या काकूंकडे, डे-केअरला, कुठेही ठेवा, मी एकटी नाही सांभाळू शकत.

ताईंनो, भाऊंनो, ज्यांच्या घरात अशी मोठी मुलगी लहान्याला सांभाळते त्यांनी आज संध्याकाळी तिला एकदा विचारा, दमलीस का.

आणि बेटा, बाथरूमला बाहेरून कडी असेल ना, ती बाबांना सांगून काढून टाका. चार स्क्रूचं काम आहे. काढली की मला लिही.